साखर सोडल्यावरची थरथर : सवय तुटण्याची लक्षणे, की रक्तातील साखर खरोखरच उतरते आहे?

मूळ प्रश्न : भाकरीचा_पापुद्रा

नमस्कार. मी नागपूरला राहते, वय ४१, सिव्हिल लाइन्समधील एका कार्यालयाच्या लेखा शाखेत काम करते. गेली दोन-अडीच वर्षे सकाळी साडेअकराच्या सुमारास मला एकाएकी घाम फुटतो, हात कापू लागतात, समोरच्या रकान्यातील आकडे पुसट होतात आणि कुणी साधे काही विचारले तरी त्याच्या अंगावर धावून जावेसे वाटते. आजवर त्यावर माझा एकच उपाय होता : गोड चहा आणि चार बिस्किटे. दहा-पंधरा मिनिटांत बरे वाटायचे आणि दुपारी साडेतीनला पुन्हा तोच प्रकार. मार्चअखेरीच्या हिशेबांच्या धामधुमीत एकदा कपाटाजवळ उभी असतानाच तोल गेला, तेव्हा मात्र तपासण्या करून घेतल्या.

उपाशीपोटीची साखर ८८ आली, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी ५.४ आली आणि थायरॉइडही ठीक निघाले. मग डॉक्टरांनी मला नेहमीचाच नाश्ता, म्हणजे पोहे, बिस्किटे आणि दोन चमचे साखरेचा चहा, करून यायला सांगितले व पुढे दर अर्ध्या तासाने रक्त तपासले. तीन तास उलटल्यावर आकडा ५१ वर आला. त्या वेळी हात कापत होते आणि खाल्ल्यावर ते थांबले. निदान झाले रिॲक्टिव्ह हायपोग्लायसेमियाचे, म्हणजे जेवणानंतर काही तासांनी रक्तशर्करा प्रमाणाबाहेर उतरण्याचे. साखर, मैदा व गोड पेये बंद करून दर तीन तासांनी थोडे थोडे खावे आणि प्रत्येक खाण्यात डाळ, दही, अंडे किंवा फुटाणे असे काही असावे, असा आहार लिहून दिला.

सोमवारपासून मी तो काटेकोर पाळते आहे. बिनसाखरेचा चहा माझ्या घशाखाली उतरत नाही, म्हणून चहाही त्याच दिवशी सोडला, शिवाय पोळी आणि भात जवळपास बंद केला. आज पाचवा दिवस. मंगळवारपासून कपाळ ठणकते आहे, अंगात त्राण नाही आणि दिवसातून तीन-चार वेळा पूर्वीसारखीच थरथर होते. काल रात्री दोन वाजता मी फ्रिज उघडून उभी होते. आत पाहुण्यांसाठी आणलेला संत्रा बर्फीचा डबा होता आणि मी झाकण उघडून कितीतरी वेळ नुसता वास घेत राहिले. सासूबाई पाणी प्यायला उठल्या नसत्या तर पुढे काय झाले असते, ते सांगता येत नाही.

माझे प्रश्न असे : ही साखर सुटण्याची लक्षणे आहेत की साखर खरोखर उतरते आहे, हे घरच्या घरी कसे ओळखावे? हे किती दिवस चालते? आणि थरथर सुरू झाली, तर जी साखर बंद करायला सांगितली आहे तीच तोंडात टाकायची का?


उत्तर : हिंगणा_रोड

ताई, चार वर्षांपूर्वी मी याच अवस्थेतून गेले आहे. आपले लिखाण वाचताना माझे लक्ष साखरेपेक्षा चहाकडे गेले. दिवसाला किती कप घेत होता, ते आपण लिहिलेले नाही. पण कार्यालयात काम करणारा नागपूरकर चार कपांखाली नसतो, असे गृहीत धरते. तितका चहा एका दिवसात बंद केला, तर डोके दुखणारच, मग त्यात साखर असो वा नसो. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत ही डोकेदुखी सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत सर्वांत जास्त ठणकते आणि आठ-नऊ दिवसांपर्यंत रेंगाळू शकते. सोमवारी चहा सोडला आणि मंगळवारी कपाळ धरले, हा हिशेब तंतोतंत जुळतो. मीही तेव्हा सगळे खापर साखरेवर फोडले होते. पाचव्या दिवशी शेजारणीकडे आग्रहाखातर अर्धा कप बिनसाखरेचा चहा घेतला आणि तासाभरात डोके उतरले, तेव्हा कुठे उलगडा झाला.

माझे ऐकाल तर चहा परत सुरू करा, पण दोनच कप आणि तेही काही खाल्ल्यावर. साखर एकदम जात नसेल, तर उतरत्या क्रमाने न्या. मी एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर आमचा चहाचा चमचा तोलून पाहिला. सपाट भरला तर ५ ग्रॅम आणि आम्ही भरतो तसा शिगोशीग भरला तर ८ ग्रॅमच्या वर. चार कपांत दोन-दोन चमचे म्हणजे मी दिवसाला साठ-सत्तर ग्रॅम साखर नुसती पीत होते! जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेल्या साखरेची मर्यादा एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांखाली आणि जमल्यास पाच टक्क्यांखाली, म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सांगितली आहे. पहिल्या आठवड्यात मी शिगोशीग चमच्याचा सपाट चमचा केला, पुढच्या आठवड्यात दोनाचा एक, मग अर्धा. आल्याचा मोठा तुकडा ठेचून घातला की साखरेची उणीव जिभेला कमी जाणवते. दोन महिन्यांनी एका लग्नात नेहमीचा चहा प्यायले, तर तो मला पाकासारखा लागला.

आणि एक ग्लुकोमीटर, म्हणजे बोट टोचून घरच्या घरी रक्तातील साखर मोजणारे यंत्र, घ्या. अंदाजाने काही ठरवू नका.


उत्तर : जुनी_इतवारी

या सगळ्या यातायातीपेक्षा साखरेच्या जागी गूळ वापरावा, असे मला वाटते. आमच्या घरी तीन पिढ्या गुळाचाच चहा आहे आणि असले आजार कुणाला ठाऊक नाहीत. गूळ नैसर्गिक असतो, त्यात लोह असते, आणि साखर सोडल्याचा त्रासही होत नाही.


उत्तर : निवृत्त_शिक्षक_वैद्यक

वरील सूचनेपासून सुरुवात करतो, कारण ती सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत घातक आहे. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, पण त्याचा फार मोठा भाग साखरच असतो आणि मधाचीही गोष्ट वेगळी नाही. ज्यांना जेवणानंतर साखर उतरण्याचा त्रास नाही त्यांनी गुळाचा चहा खुशाल प्यावा. प्रश्नकर्त्या ताईंच्या रक्तात मात्र गुळाने तोच चढ येईल आणि मागोमाग तोच उतार. साखर सोडल्याचा त्रास गुळाने होत नाही, हे अगदी बरोबर आहे, कारण साखर सुटलेलीच नसते.

आता मूळ प्रश्न. लवकर पचणारे कर्बोदक, विशेषतः रिकाम्या पोटी, खाल्ले की रक्तशर्करा वेगाने चढते. काही जणांच्या स्वादुपिंडातून त्यावर गरजेपेक्षा जास्त किंवा जरा उशिरा इन्शुलिन, म्हणजे रक्तशर्करा खाली आणणारे संप्रेरक, सुटते, आणि अन्न पचून संपले तरी त्याचा अंमल उरतो. त्यामुळे जेवणानंतर दोन ते पाच तासांत शर्करा खाली घसरते. ती सावरायला शरीर ॲड्रेनलिन सोडते. घाम, थरथर, धडधड आणि चिडचिड ही त्या ॲड्रेनलिनची कामगिरी. आकडे पुसट दिसणे व विचार अडखळणे हे मेंदूला ग्लुकोज कमी पडल्याचे लक्षण. अमेरिकेतील डॉक्टर सील हॅरिस यांनी १९२४ मध्ये मधुमेह नसलेल्या माणसांतील या अतिरिक्त इन्शुलिनच्या अवस्थेचे वर्णन केले. इन्शुलिनचा शोध लागून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. थोडे थोडे, वारंवार आणि साखर टाळून खाण्याचा आपला आहार त्याच परंपरेतला आहे.

खरी घट कोणती म्हणायची, यासाठी व्हिपल या शल्यविशारदाच्या नावाने ओळखली जाणारी त्रिसूत्री आजही वापरतात : लक्षणे असावीत, त्याच वेळी तपासलेली शर्करा कमी असावी (मधुमेह नसलेल्यांत साधारणपणे दर डेसिलिटर रक्तात ५५ मिलिग्रॅमच्या खाली) आणि शर्करा वाढवताच लक्षणे जावीत. आपल्या बाबतीत तिन्ही जुळले, शिवाय आपल्या डॉक्टरांनी नेहमीच्या नाश्त्यानंतर तपासले, हे फार चांगले केले. नुसते ७५ ग्रॅम ग्लुकोजचे पाणी पाजून तासन्‌तास रक्त तपासत राहिले, तर अनेक धडधाकट माणसांचीही साखर खाली येते आणि नसलेला आजार गळ्यात पडतो.

तेव्हा मला असे दिसते की, आपण ज्याला एक त्रास समजता आहात ते तीन निरनिराळे त्रास आहेत आणि ते एकाच आठवड्यात एकत्र आले आहेत. पहिला चहाचा, त्याविषयी वर नेमके लिहिले गेले आहे. गंमत अशी की, चहातील कॅफिन सुटल्याच्या लक्षणांना मानसविकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात २०१३ पासून अधिकृत स्थान आहे, साखरेला मात्र तसे स्थान नाही. प्रिन्स्टन विद्यापीठात उंदरांना रोज काही तास उपाशी ठेवून नंतर साखरपाणी देत, आणि पुढे ते बंद केल्यावर किंवा औषधाने त्याचा परिणाम रोखल्यावर दात वाजणे व बेचैनी अशी लक्षणे दिसली. पण त्या उंदरांवरून थेट माणसाचा निष्कर्ष काढता येत नाही. याचा अर्थ आपली तळमळ खोटी आहे, असा मुळीच नव्हे. वर्षानुवर्षे साडेअकराला गोड खाल्लेले शरीर साडेअकराला ते मागणार, आणि ती मागणी काही आठवड्यांत ओसरते.

दुसरा त्रास मिठाचा. आपण साखरेबरोबर पोळी-भातही जवळपास बंद केला. कर्बोदके एकदम खाली आणली की इन्शुलिन उतरते, मूत्रपिंडे जास्त मीठ व त्यासोबत पाणी बाहेर टाकतात, त्यातून डोके जड होते, उठताना भोवळ येते आणि अंगातले त्राण जाते. त्यात नागपूरचा एप्रिल. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार नसेल, तर दुपारी मीठ आणि जिरेपूड घातलेला एक ग्लास मठ्ठा घेऊन पाहावा. शिवाय, आपल्याला सांगितलेल्या आहारात पोळी-भात वर्ज्य असल्याचे आपण लिहिलेले नाही. सांगितले त्यापेक्षा जास्त पथ्य करणे हा आपल्याकडच्या मन लावून पथ्य करणाऱ्यांचा जुना दोष आहे. माझे रुग्ण त्यात मोडत आणि मीही मोडतो.

तिसरा त्रास खऱ्या घटीचा, आणि तो फक्त यंत्र ओळखते. थरथर सुरू होताच तपासा. आकडा ७० च्या वर असेल, तर तो ॲड्रेनलिनचा, चहाचा, भुकेचा किंवा चिंतेचा खेळ समजावा आणि ठरलेला अल्पाहार घ्यावा, साखर नको. आकडा ७० च्या खाली असेल, तर मात्र साखर हेच औषध आहे आणि तेव्हा पथ्याचा विचार करायचा नाही. तीन सपाट चमचे ग्लुकोज किंवा साखर अर्धा पेला पाण्यातून, किंवा अर्धा कप फळांचा रस, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम. पंधरा मिनिटे थांबून पुन्हा तपासणी. आकडा वर आला नसेल तर पुन्हा तेवढेच. आणि वर आल्यावर अर्धी भाकरी-वरण किंवा मूठभर फुटाणे, नाहीतर तासाभरात नव्याने उतार. यंत्र जवळ नसेल आणि लक्षणे जोराची असतील, तर आधी साखर घ्यावी व शंका मागाहून काढाव्या. या कामी बर्फी किंवा चॉकलेट उपयोगाचे नाही, कारण त्यातील खव्याच्या व तुपाच्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. बर्फीच्या डब्याची आपली मध्यरात्रीची भेट निदान वैद्यकीयदृष्ट्या तरी समर्थनीय नव्हती.

पहाटे किंवा उपाशी असताना साखर उतरली, कधी शुद्ध हरपली, बोलणे असंबद्ध झाले, किंवा पूर्वी जठराची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर हा प्रकार वेगळा असू शकतो आणि त्याची तपासणी वेगळी असते. तिथे आहारावर विसंबू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्या वाचकांनीही वरील मजकूर आपल्याला लागू करून घेऊ नये.


उत्तर : हिंगणा_रोड

सरांनी यंत्राविषयी लिहिलेच आहे, म्हणून त्याचे दोन धडे सांगते, दोन्ही माझ्या फजितीतून आलेले. एकदा थरथर वाटली म्हणून घाईने बोट टोचले, तर आकडा १९२! मी घाबरून मुलाला हाक मारली. नंतर लक्षात आले की, पाच मिनिटांपूर्वी त्याच हातांनी मी त्याला संत्रे सोलून दिले होते आणि सालीखालचा रस बोटांना तसाच चिकटलेला होता. साबणाने हात धुऊन, पुसून पुन्हा पाहिले तर ७४. फळ हाताळलेल्या बोटाचा आकडा हा फळाचा आकडा असतो, असे तेव्हापासून घरात सर्वांना पाठ आहे.

दुसरे म्हणजे, रक्त घेण्याच्या पट्ट्या स्कूटरच्या डिकीत ठेवू नयेत. साधारण ३० अंशांपर्यंतच त्या ठेवाव्यात असे डबीवर छापलेले असते आणि आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी म्हणजे भट्टीच. माझी अख्खी डबी अशी वाया गेली.


उत्तर : सांबारवडी

मी वैद्यक जाणत नाही, पण माझ्या यजमानांना हाच त्रास असल्याने सहा वर्षे त्यांचा डबा मीच भरते. तेव्हा फक्त ताटाविषयी लिहिते.

दर तीन तासांनी खा, असे सांगतात तेव्हा लोक बिस्किटे, टोस्ट किंवा मुरमुरे डब्यात भरतात आणि तिथेच फसतात. आमच्याकडे कार्यालयाच्या खणात फुटाणे आणि भाजलेले फल्लीदाणे यांची बरणी असते. नाश्त्याला पोहे हवेच असतील, तर घरी तर्री पोहे करा, मात्र प्रमाण उलटे ठेवा : वाटीभर हरभऱ्याची तर्री (तिखट रस्सा) आणि तिच्यात मूठभर पोहे. टपरीवर याच्या नेमके उलट मिळते. दुपारी ज्वारीची भाकरी, चून (पिठले) किंवा घट्ट वरण, हिरवी भाजी आणि जवसाची चटणी; भात असला तर शेवटी आणि थोडा. आधी भाजी-वरण व नंतर भाकरी-भात या क्रमाने जेवले की तोच भात कमी चढतो, हे आमच्या यंत्रावर कितीदा तरी पाहिले आहे. जेवणानंतर पंधरा मिनिटे घरातल्या घरात चालले तरी फरक दिसतो. रात्री उशिरा भूक लागत असेल, तर झोपण्यापूर्वी वाटीभर दही किंवा कपभर बिनसाखरेचे दूध घ्यावे. दोन वाजता फ्रिज उघडणे त्याने बंद होते, अनुभवाने सांगते.

उपवास हा सर्वांत अवघड दिवस असतो. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. सकाळी त्याची खिचडी खाल्ली की दुपारी हमखास घाम. आता आम्ही उपवासाला भगर घेतो, तीही थोडीच आणि दाण्याच्या आमटीसोबत. राजगिऱ्याची भाकरी आणि दहीही चालते. संत्र्याच्या गावात राहून संत्रे सोडायचे का, असे यजमानांनी पहिल्याच दिवशी विचारले होते. सोडायचे नाही, जेवणानंतर एक, चोथ्यासकट, चावून. रस मात्र नको, कारण एका पेल्यात तीन-चार संत्री असतात आणि चोथा गाळणीत राहतो. साखर खरोखर उतरल्यावर तोच रस औषध आहे, हे सरांनी सांगितलेच.

अक्षय तृतीया आता तोंडावर आहे, म्हणून तेही लिहिते. आमरस पूर्ण वर्ज्य करू नये, नाहीतर तो रात्री दोन वाजता वसूल होतो. साखर न घालता लहान वाटी, जेवणाच्या मध्यावर, भाजी-वरण पोटात गेल्यावर. पुरणपोळी मात्र त्या दिवशी चतकोरच, कारण रस आणि पोळी दोन्ही एका ताटात आमच्याकडे तरी निभावले नाही.

कार्यालयात पेढा नाकारण्याविषयी आपण विचारले नाही, पण ती वेळ येणारच. “पथ्य आहे” म्हटले तर आग्रह वाढतो. “आत्ताच जेवले, घरी नेते” म्हणून कागदात बांधून घ्या आणि शिपाईदादांच्या मुलाला द्या.


मूळ प्रश्नकर्ती : भाकरीचा_पापुद्रा

सतरा दिवसांनी लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमा असावी. आपण सर्वांनी लिहिले त्याप्रमाणे त्याच संध्याकाळी आल्याचा, अर्धा चमचा साखरेचा चहा घेतला. डोके तासाभरात उतरले आणि मला स्वतःचेच हसू आले. डॉक्टरांनाही विचारले, पोळी-भात बंद करायला त्यांनी सांगितले नव्हते, ते माझ्याच उत्साहाचे काम होते. आता दुपारी एक भाकरी आणि वाटीभर भात असतो, मठ्ठा असतो आणि भोवळ येत नाही.

थरथरीची वही ठेवली आहे. पहिल्या आठवड्यात अकरा वेळा थरथर झाली आणि दर वेळी हात धुऊन तपासले. त्यांपैकी नऊ वेळा आकडा ७९ ते १०४ च्या दरम्यान होता, म्हणजे साखर उतरलेलीच नव्हती. दोनदा मात्र खरोखर खाली होता, एकदा ६३ आणि एकदा ५८. आणि त्या दोन्ही दिवशी मी सकाळचा अल्पाहार बैठकीमुळे चुकवला होता. ग्लुकोजच्या पाण्याने वीस मिनिटांत सावरले. गेल्या आठवड्यात तीनच नोंदी आहेत आणि तिन्ही ८० च्या वर. साडेअकराची हुरहूर अजून होते, पण आकडा पाहिला की ती भीती उरत नाही आणि मूठभर फुटाण्यांवर भागते.

जुनी_इतवारी काकांची क्षमा मागून सांगते की, गुळाचा चहा एकदा करून पाहिला होता. अडीच तासांनी घाम आला, तेव्हा आकडा ६६ होता. तीही नोंद वहीत आहे, फक्त वरच्या हिशेबात धरलेली नाही, कारण ती मी मुद्दाम ओढवून घेतली होती.

एक शंका उरली आहे. पुढच्या महिन्यात भाचीचे लग्न आहे, मुहूर्त दुपारी साडेबाराचा आणि पंगत तीनच्या आधी बसेल असे वाटत नाही. पर्समध्ये फुटाणे असतीलच. पण मंडपातल्या त्या उन्हात पट्ट्यांची डबी कशात ठेवावी?


उत्तर : हिंगणा_रोड

मी रिकाम्या स्टीलच्या डब्यात ओला, घट्ट पिळलेला रुमाल ठेवते, पट्ट्यांची डबी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्यात, आणि तो डबा वधूच्या खोलीत. कूलर तिथेच असतो.